एक गोळी, दोन आजार: एचआयव्हीसोबतच्या हिपॅटायटीस बीची नोंद रुग्णाच्या हाती द्या

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

२८ जुलैच्या जागतिक हिपॅटायटीस दिनानिमित्त आपल्या दैनिकात आलेले लेख मी काळजीपूर्वक वाचले. पावसाळ्यात दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ, यकृताची निगा, लहान मुलांचे लसीकरण हे विषय त्यांत आले आणि ते यायलाच हवे होते. मात्र एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि त्याच वेळी हिपॅटायटीस बीचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला पांढरी कावीळ म्हणतात त्याचा, संसर्ग असलेल्या स्त्री-पुरुषांविषयी त्यांत एक ओळही नव्हती. पश्चिम महाराष्ट्रातील एका एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रात समुपदेशक म्हणून मी अनेक वर्षे काम केले आणि आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही. पण औषधाची बाटली हातात घेऊन टेबलापुढे बसलेल्या माणसाला काय ठाऊक असते आणि काय ठाऊक नसते, हे मी जवळून पाहिले आहे. त्या आधारावर माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्यांना हे दोन्ही संसर्ग आहेत अशा प्रत्येकाला, एआरटी केंद्रातून मिळणारी रोजची गोळी त्याच्या यकृतातील विषाणूलाही रोखून धरत आहे आणि म्हणून ती परस्पर बंद करता किंवा बदलता येणार नाही, ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे आणि त्याच्याजवळच्या कागदावर लिहून दिली गेली पाहिजे.

प्रश्नाचा आवाका आधी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोक दीर्घकालीन हिपॅटायटीस बीसह जगत होते आणि त्या एका वर्षात या आजाराने सुमारे ११ लाख मृत्यू झाले. भारतातील बाधितांची संख्या याच अंदाजात सुमारे २ कोटी ९८ लाख आहे. एचआयव्ही असलेल्यांपैकी जगभरात सरासरी ७.४ टक्के लोकांना हिपॅटायटीस बीही आहे, असे संघटना सांगते. देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात, जवळपास चार लाख आहे. आपल्याकडे हे प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा कमी म्हणजे शंभरात पाच इतकेच धरले, तरी वीस हजार माणसे होतात, आणि त्यांच्यापैकी किती जणांना आपल्याला हा दुसरा संसर्ग आहे हे नीट उमगले आहे, हा खरा प्रश्न आहे.

दोन्ही विषाणूंच्या वाटा जवळपास सारख्याच आहेत: असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, वापरलेली सुई आणि आईकडून बाळाकडे. फरक इतकाच की हिपॅटायटीस बीचा विषाणू एचआयव्हीपेक्षा पन्नास ते शंभर पट अधिक संसर्गजन्य आहे आणि शरीराबाहेर सांडलेल्या रक्ताच्या डागातही तो किमान सात दिवस टिकतो. त्यामुळे जत्रेत एकाच सुईने केलेले गोंदण, केशकर्तनालयातील न बदललेले पाते, घरात दोघांनी वापरलेला दाढीचा वस्तरा, या बाबी एचआयव्हीच्या बाबतीत जेवढ्या धोक्याच्या आहेत त्याहून हिपॅटायटीस बीच्या बाबतीत कितीतरी अधिक आहेत. गुजरातमधील मोडासा परिसरात २००९ मध्ये हिपॅटायटीस बीची जी साथ आली, तिच्यामागे दवाखान्यांत पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया आणि सिरिंजा होत्या आणि त्या साथीत अनेक लोक दगावले.

निरोगी प्रौढ माणसाला हिपॅटायटीस बी झाला तर शंभरात पंच्याण्णव वेळा त्याचे शरीर काही महिन्यांत विषाणूला बाहेर काढते. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती दुबळी झालेल्या माणसाला हे तितक्या सहजपणे जमत नाही आणि संसर्ग कायमचा मुक्काम ठोकण्याची शक्यता बरीच वाढते. मुक्काम ठोकल्यानंतर यकृताचा ऱ्हासही लवकर होतो. अमेरिकेतील पाच हजारांवर पुरुषांच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एक हजार माणसांमागे दर वर्षी यकृताच्या आजाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण नुसता हिपॅटायटीस बी असलेल्यांत ०.८, नुसता एचआयव्ही असलेल्यांत १.७ आणि दोन्ही असलेल्यांत १४.२ असे आढळले. हे आकडे टेनोफोव्हिर हे दोन्ही विषाणूंवर चालणारे औषध सर्वत्र मिळू लागण्यापूर्वीच्या काळातील आहेत; आज योग्य औषध नियमित घेणाऱ्याचे भवितव्य त्याहून पुष्कळच चांगले आहे. माझा सारा रोख त्या ‘नियमित’वर आहे.

एकच औषध दोन्ही विषाणूंवर का चालते, हे समजून घेतले तर पुढचे सारे सोपे होते. हिपॅटायटीस बी आणि एचआयव्ही हे अगदी वेगळ्या कुळांतले विषाणू आहेत, पण आपली प्रत काढताना दोघेही एका सारख्या विकराचा उपयोग करतात आणि लॅमिव्हुडिन व टेनोफोव्हिर ही औषधे नेमके तेच विकर अडवतात. सध्या सरकारी केंद्रांतून बहुतेकांना दिली जाणारी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकत्रित गोळी त्यामुळे आपोआपच हिपॅटायटीस बीवरचा उत्तम उपचार ठरते. वेगळे औषध लागत नाही, वेगळा खर्च नाही. मात्र ही औषधे विषाणूला दाबतात, नाहीसा करत नाहीत. हिपॅटायटीस बीचा विषाणू यकृताच्या पेशींच्या केंद्रकात आपली जनुकीय प्रत ठेवून बसलेला असतो आणि औषधाचा दाब उठला की तो पुन्हा वाढू लागतो.

पूर्वी परिस्थिती अशी नव्हती, हेही जुन्या रुग्णांसाठी सांगितले पाहिजे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एचआयव्हीची तीन औषधे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केली आणि गरीब देशांत उपचाराचे दार उघडले. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने मोफत एआरटी सुरू केली. या दोन्ही घटनांचे मोल मी कधीही कमी लेखणार नाही, कारण त्यांच्यामुळे जगलेली माणसे मी पाहिली आहेत. पण त्या पहिल्या काळातील स्टॅव्ह्युडिन किंवा झिडोव्ह्युडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन या मिश्रणात हिपॅटायटीस बीवर चालणारे औषध एकटे लॅमिव्हुडिनच होते. एकट्या लॅमिव्हुडिनसमोर हिपॅटायटीस बीचा विषाणू लवकर निर्ढावतो: दोन्ही संसर्ग असलेल्यांत चार वर्षांच्या अखेरीस दहापैकी नऊ जणांत असा प्रतिरोध आढळल्याचे फ्रान्समधील अभ्यासाने १९९९ मध्येच दाखवले होते. त्या वर्षांत उपचार सुरू केलेले कित्येक जण आज पन्नाशी-साठीत आहेत. टेनोफोव्हिर अशा निर्ढावलेल्या विषाणूवरही काम करते, ही त्यांच्यासाठी मोठ्या दिलाशाची गोष्ट आहे. पण म्हणूनच त्यांच्या बाबतीत टेनोफोव्हिर हातून सुटणे अधिक घातक आहे, कारण मागे राहणारे लॅमिव्हुडिन तेव्हा केवळ नावापुरते असते.

आता हे औषध हातून कसे सुटते ते सांगतो. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आमच्या भागातील कारखान्यांवर येणारी कुटुंबे असतात आणि त्यांतील काहींची एआरटी त्या काही महिन्यांसाठी आमच्या केंद्राकडे वर्ग होत असे. अशाच एका चाळिशीतल्या माणसाचा एचआयव्हीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, तपासणीत न सापडण्याइतका खाली होता. कागदोपत्री तो आमच्या उत्तम रुग्णांपैकी होता. हंगामात त्याचे डोळे पिवळे झाले. टोळीतल्या जाणत्यांनी त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले. चुन्याच्या निवळीने हात धुऊन पिवळे पाणी दाखवले गेले, डोक्यावर काविळीची माळ ठेवली गेली. ही माळ वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठवून करतात. काड्या वाळून आकसल्या की गाठी सैल पडतात, माळ लांबत लांबत गळ्यात उतरते आणि रुग्णाला वाटते की कावीळ उतरत आहे. माळेने त्याचे काही बिघडले नसते. बिघडले ते पथ्यामुळे. तेलकट बंद, हळद बंद आणि डॉक्टरी गोळ्या ‘गरम पडतात’ म्हणून त्याही बंद, असे त्याला बजावण्यात आले होते. एआरटीची भरलेली बाटली कोपीत कपड्यांच्या बोचक्यात राहिली. तो पुन्हा आमच्यापुढे आला तेव्हा पोटात पाणी झाले होते आणि शुद्ध हरपू लागली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊनही तो वाचला नाही. त्याच्या मूळ केंद्रातील नोंदीत पहिल्याच दिवशीचा हिपॅटायटीस बीचा अहवाल ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे संसर्ग असल्याचा, होता. बदलीच्या कागदावर तो उतरला नव्हता, त्याच्याजवळच्या एआरटीच्या पुस्तिकेत नव्हता आणि त्याच्या बायकोला त्याविषयी काहीही माहीत नव्हते.

आपल्याकडे साध्या काविळीचे बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात, कारण ती बहुधा पाण्यातून येणारी, हिपॅटायटीस ए किंवा ई या प्रकारची असते, आणि श्रेय माळेला जाते. हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, तो एका भाषणाने जाणार नाही आणि त्यासाठी कोणाची हेटाळणी करून काही साधत नाही. म्हणून समुपदेशनात मी असे सांगत आलो की माळ घालायची असेल तर घाला, पण एआरटीची गोळी एक दिवसही चुकवू नका आणि डोळे पिवळे दिसताच आधी केंद्रात या. काविळीच्या रुग्णाने आधी सगळी औषधे थांबवावीत, असा सल्ला काही वेळा पदवीधर डॉक्टरही देतात, आणि समोरच्याला हिपॅटायटीस बी आहे हे ठाऊक नसताना तो सल्ला त्यांना योग्यच वाटत असतो. टेनोफोव्हिर अचानक थांबल्यावर काही आठवड्यांत वा महिन्यांत यकृताचा दाह एकदम भडकू शकतो, हा इशारा औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात ठळक चौकटीत छापलेला असतो. ते माहितीपत्रक आपल्या रुग्णांपर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी ते इंग्रजीत असते.

औषध बंद होण्याइतकाच धोका ते बदलण्यात आहे, आणि हा बदल रुग्ण करत नाही, व्यवस्था करते. टेनोफोव्हिरने काहींच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांत हे अधिक घडते. रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे मोजमाप) वाढले की टेनोफोव्हिर काढून अबॅकॅव्हिर देणे ही रूढ वाट आहे. नुसता एचआयव्ही असेल तर ती योग्यही आहे. पण अबॅकॅव्हिर हिपॅटायटीस बीवर चालत नाही. अशा रुग्णाला टेनोफोव्हिरचे मूत्रपिंडावर कमी भार टाकणारे नवे रूप, म्हणजे टेनोफोव्हिर ॲलाफेनामाइड, द्यावे लागते किंवा जोडीला एन्टेकॅव्हिर द्यावे लागते. पहिल्या फळीची औषधे एचआयव्हीवर निष्प्रभ ठरून दुसरी फळी सुरू करतानाही हीच काळजी घ्यावी लागते: एचआयव्हीसाठी टेनोफोव्हिरचा उपयोग उरला नसला तरी यकृतासाठी ते चालू ठेवावे लागते. खासगी उपचार घेणाऱ्यांना आता डोल्युटेग्रॅव्हिर आणि लॅमिव्हुडिन अशी दोनच औषधांची गोळी सुचवली जाते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी घ्यायच्या कॅबोटेग्रॅव्हिर व रिल्पिव्हिरिनच्या इंजेक्शनांची चर्चाही सुरू झाली आहे. रोजच्या गोळीतून सुटका व्हावी, असे कोणाला वाटणार नाही? पण पहिल्या पर्यायात हिपॅटायटीस बीवर एकटे लॅमिव्हुडिन उरते आणि दुसऱ्यात काहीच उरत नाही, म्हणून हिपॅटायटीस बी असलेल्यांसाठी हे पर्याय योग्य नाहीत. उलट बाजूनेही हेच घडते. एखाद्याला आधी हिपॅटायटीस बी सापडला आणि एचआयव्हीची चाचणी न करताच एकटे एन्टेकॅव्हिर किंवा एकटे टेनोफोव्हिर सुरू केले, तर पोटात दडलेला एचआयव्ही त्या औषधाला निर्ढावू शकतो. यकृततज्ज्ञांनी पहिली चिठ्ठी लिहिण्यापूर्वी संमतीने एचआयव्ही चाचणी करवून घ्यावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

क्षयरोगाचा उल्लेख केल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही, कारण आपल्या राज्यात एचआयव्ही आणि क्षय यांची जोडी जुनी आहे. क्षयाच्या उपचारातील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृतावर ताण आणतात. हिपॅटायटीस बी असलेल्या माणसाला ती देता येतात, द्यावीच लागतात, पण त्याच्या यकृताच्या तपासण्या अधिक जवळच्या अंतराने कराव्या लागतात. आणि ज्याचा हिपॅटायटीस बी कोणाला माहीतच नाही, त्याच्या तपासण्या कोण करणार? दारूविषयी मी एकच वाक्य लिहितो: दोन्ही संसर्ग असलेल्याने ती पूर्ण सोडावी, ‘थोडी चालते’ हे त्याच्या यकृताला लागू नाही.

ही सगळी काळजी घेण्यासाठी नवी योजना लागत नाही. एआरटी सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाची हिपॅटायटीस बी आणि सीची चाचणी करावी, असे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटीस बीची तपासणी, त्याच्या विषाणूचा व्हायरल लोड आणि औषधे मोफत आहेत. अडचण आहे ती या दोन कार्यक्रमांमधल्या भिंतीची. एआरटी एका इमारतीत, हिपॅटायटीसचे उपचार केंद्र दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावात, दोघांची रजिस्टरे वेगळी, दोघांचे ओळख क्रमांक वेगळे. एआरटी केंद्रात मोजला जाणारा व्हायरल लोड हा फक्त एचआयव्हीचा असतो. तो ‘सापडला नाही’ असे ऐकल्यावर रुग्ण निर्धास्त होतो आणि त्याने निर्धास्त व्हावे असेच आपण त्याला शिकवलेले असते; पण हिपॅटायटीस बीचा हिशेब त्या अहवालात नसतो. यकृताचा साधा अंदाज घेण्यासाठी तर महागडी यंत्रेही लागत नाहीत: रक्तातील एएसटी आणि प्लेटलेट या दोन नेहमीच्या तपासण्यांवरून एपीआरआय हा निर्देशांक काढता येतो आणि यकृत किती निबर झाले आहे याची पहिली चाहूल त्यावरून लागते. सिरोसिस (यकृत कायमचे निबर होण्याची अवस्था) असलेल्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हायला हवी, कारण यकृताचा कर्करोग लवकर सापडला तरच हाताशी उपाय असतात. हिपॅटायटीस बीमध्ये हा कर्करोग कधी कधी सिरोसिस नसतानाही होतो.

नोंदीविषयी माझी एक ठोस सूचना आहे आणि आरोग्य विभागाने तिचा विचार करावा अशी विनंती आहे. एआरटीची पुस्तिका बहुतेक रुग्ण कोणाला दाखवत नाहीत. ती धान्याच्या डब्यात, देवघरामागे, गादीखाली असते. गावातल्या डॉक्टरपुढे ती कधीच येत नाही, आणि त्यामागची भीती खरी असल्यामुळे ‘पुस्तिका दाखवत जा’ एवढे सांगून भागत नाही. म्हणून दोन्ही संसर्ग असलेल्यांना पाकिटात मावेल असे एक वेगळे, साधे, मराठीतले कार्ड द्यावे. त्यावर एवढेच लिहिलेले असावे: ‘या व्यक्तीला दीर्घकालीन हिपॅटायटीस बी आहे. टेनोफोव्हिर चालू आहे. ते बंद करू नये किंवा बदलू नये. कावीळ, शस्त्रक्रिया किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्यास उपचार केंद्राशी आधी बोलावे.’ टेनोफोव्हिर नुसत्या हिपॅटायटीस बी असलेल्यांनाही दिले जाते. त्यामुळे हे कार्ड पाहून कोणालाही एचआयव्हीचा बोध होणार नाही, रुग्णाचे गुपित राखले जाईल आणि त्याचे यकृतही. खर्च छपाईचा. एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात बदलीच्या कागदावर हिपॅटायटीस बीचा रकाना सक्तीचा करणे, हे तर त्याहून सोपे आहे.

गुपिताचा मुद्दा मी हलका मानत नाही. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, एचआयव्ही असलेल्यांना भेदभावापासून आणि परवानगीशिवाय माहिती उघड होण्यापासून संरक्षण दिले. हिपॅटायटीस बी असलेल्यांसाठी असा कायदा नाही. कोकणातून आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणांच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीसोबत हिपॅटायटीस बीही तपासला जातो, आणि अनेकांना आपल्या संसर्गाची पहिली बातमी ‘अनफिट’ या एका शिक्क्यातून कळते. पुढे काय करायचे, घरच्यांना काय सांगायचे, हे सांगायला तिथे कोणी नसते. एकत्र जेवल्याने, एका भांड्याने पाणी प्यायल्याने, गळाभेट घेतल्याने हिपॅटायटीस बी पसरत नाही, हे इतक्या वर्षांनंतरही पुन्हा लिहावे लागते.

ज्यांना एचआयव्ही आहे पण हिपॅटायटीस बी नाही, त्यांच्यासाठी आपल्या हातात अत्यंत परिणामकारक साधन आहे आणि ते आपल्याच देशात तयार होते. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये पहिली स्वदेशी पुनर्संयोजित हिपॅटायटीस बी लस बाजारात आणली, तिची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली, आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ही लस बनवते. बालकांच्या सार्वत्रिक लसीकरणात ती २०११ पर्यंत देशभर पोहोचली. परंतु आज एआरटी घेणारे बहुसंख्य लोक त्यापूर्वी जन्मलेले आहेत; त्यांना बालपणी ही लस मिळालेली नाही. एचआयव्ही असलेल्यांत लसीचा प्रतिसाद कमी मिळतो, विशेषतः सीडी ४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी कमी असताना, म्हणून त्यांना अनेकदा दुप्पट मात्रा द्यावी लागते आणि शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडे पुरेशी तयार झाली का हे तपासावे लागते. ‘हिपॅटायटीस बी निगेटिव्ह’ असा अहवाल हाती आल्यावर काम संपले असे मानले जाते. खरे तर लसीचे काम त्या दिवशी सुरू व्हायला हवे, आणि ती लस एआरटी केंद्रातच, गोळ्या घ्यायला आलेल्या दिवशीच मिळायला हवी. बाहेरून तीन-चार मात्रा विकत घेऊन या, असे मजुरी बुडवून आलेल्या बाईला सांगणे म्हणजे ती न घेण्याची व्यवस्था करणे होय. दोन्ही संसर्ग असलेल्यांचे जोडीदार आणि मुले यांचीही चाचणी आणि लसीकरण याच वेळी व्हावे.

शेवटी बाळांविषयी. बाळाला जन्मतः हिपॅटायटीस बी झाला, तर शंभरात नव्वद वेळा तो आयुष्यभराचा सोबती होतो. यकृताच्या कर्करोगाची पन्नाशीतली कित्येक प्रकरणे प्रसूतिगृहात सुरू झालेली असतात. एचआयव्ही असलेल्या मातेच्या बाळाला जन्मानंतर काही तासांतच एचआयव्ही प्रतिबंधक औषधाचे थेंब सुरू होतात आणि त्यासाठी परिचारिका, समुपदेशक, सगळे तत्पर असतात. त्याच चोवीस तासांत हिपॅटायटीस बीच्या लसीची शून्य मात्राही (जन्मतःची पहिली मात्रा) द्यायची असते, आणि आईला हिपॅटायटीस बी असेल तर बाळाला इम्युनोग्लोब्युलिनचे (तयार प्रतिपिंडांचे) इंजेक्शनही. आई टेनोफोव्हिर नियमित घेत असेल तर तिच्या रक्तातील विषाणू कमी होऊन बाळाचा धोका आणखी घटतो. आपल्या राज्यात नव्वद टक्क्यांहून अधिक बाळंतपणे दवाखान्यांत होत असताना ही मात्रा चुकायचे कारण नाही. तरी ती चुकते: रविवार असतो, लसीची खोली बंद असते, किंवा एका बाळासाठी दहा मात्रांची कुपी कशाला फोडायची असा विचार होतो. योग्य तापमानात ठेवलेली हिपॅटायटीस बी लसीची उघडलेली कुपी नियमानुसार चार आठवडे वापरता येते, हे प्रसूतिकक्षाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावले पाहिजे, आणि त्या कुपीसाठी प्रसूतिकक्षातच शीतपेटी असली पाहिजे.

हे पत्र वाचणाऱ्यांत एआरटी घेणारे कोणी असतील, तर पुढच्या महिन्यात गोळ्यांसाठी जाल तेव्हा डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना विचारा की माझी हिपॅटायटीस बीची चाचणी कधी झाली आणि तिचा निकाल काय आहे. तो निकाल आपल्या पुस्तिकेत लिहून घ्या. केंद्रात विचारण्याचा संकोच वाटत असेल तर १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर नाव न सांगता मोफत बोलता येते. आणि हे पत्र वाचणाऱ्या डॉक्टरांना विनंती की काविळीच्या रुग्णाची औषधे थांबवण्यापूर्वी दार लोटून घ्यावे, सोबतच्या माणसांना क्षणभर बाहेर पाठवावे आणि तो रोज कोणती गोळी घेतो हे त्याला एकट्याला विचारावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त एआरटी समुपदेशक
पश्चिम महाराष्ट्र